आपणहून चालत आलेला अँटिव्हायरस

‘अक्का, मशीनमध्ये तीनशे व्हायरस घावल्यात म्हणतंय. दोन हजार भरा म्हणतंय. भरू काय?’

निपाणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना हा फोन इतक्या वेळा येतो, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. फोन करणारा कधी तंबाखूच्या वखारीतला दिवाणजी असतो, कधी सौहार्द (सहकारी) सोसायटीत पिग्मीचा, म्हणजे रोजच्या बचतीचा, हिशेब लिहिणारा पोरगा, कधी लग्नपत्रिका करणारा डीटीपीवाला. पैसे भरायच्या आधी विचारलं याचा मला प्रत्येक वेळी आनंद होतो, कारण बरेच जण भरून झाल्यावर विचारतात.

माझं पहिलं उत्तर कायम एकच असतं. भरू नका, आणि आधी सांगा, व्हायरस घावल्यात म्हणणारा हा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः टाकून घेतला होता की तो आपणहून आला? बहुतेकांना आठवत नाही, आणि न आठवणं हेच उत्तर असतं. ज्यानं अँटिव्हायरस विकत घेतलाय त्याला दुकान आठवतं, बिल आठवतं, डबा कुठल्या कपाटात ठेवलाय तेही आठवतं. खोटा अँटिव्हायरस कधी शिरला ते कुणालाच सांगता येत नाही.

तो कसा येतो हे समजलं की निम्मी भीती जाते. फुकटात क्रिकेटची मॅच दाखवणारी, नाहीतर जुन्या प्रश्नपत्रिका देणारी एखादी साइट तुम्ही उघडता. ‘पुढं जायला अलाऊ दाबा’ असं येतं. ते दाबलं की त्या साइटला तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना पाठवायची परवानगी मिळते, आणि साइट बंद केल्यावरही ती परवानगी तशीच राहते. मग दिवसभर कोपऱ्यातून येत राहतं: तुमचं संरक्षण संपलं, पाच व्हायरस सापडले, आत्ता नूतनीकरण करा. सोबत एखाद्या नावाजलेल्या कंपनीचं चिन्हही असतं. त्यावर बोट ठेवलं की नवं पान उघडतं, हिरवी पट्टी सरकायला लागते, सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशी नावं दिसतात आणि आकडा वाढत जातो. हे सगळं नुसतं चित्र आहे. वेबसाइटच्या पानाला तुमच्या हार्ड डिस्कमधल्या फायली अशा तपासता येत नाहीत, ब्राउझर तिला तेवढा हात घालूच देत नाही. एका कॉलेजच्या मुलीनं मला असंच पान मोबाइलवर उघडून दाखवलं होतं. त्यातही सी ड्राइव्हची तपासणी चालू होती, आणि मोबाइलमध्ये सी ड्राइव्ह नसतो.

यावरचा उपाय सोपा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसते. अनोळखी नावं काढून टाकली की ‘व्हायरस’ बंद होतात. माझ्याकडं येणारी बरीच मशीन एवढ्यावरच सुटतात आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

ही लबाडी जुनी आहे. २००५ च्या सुमाराला स्पायशेरिफ नावाचा प्रोग्रॅम पसरला होता. ‘गूगल’ टाइप करताना एक अक्षर चुकलं की उघडणाऱ्या एका साइटवरूनही तो लोकांच्या मशीनमध्ये शिरायचा. स्वतःला स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, काढणारा म्हणवायचा आणि स्वतःच काढता येत नसे. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही नावं वेगवेगळी वाटायची, पण अमेरिकेतल्या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००८ मध्ये खटला भरला तेव्हा त्यांच्यामागं एकच जाळं असल्याचं पुढं आलं. इनोव्हेटिव्ह मार्केटिंग हे त्यातल्या मुख्य कंपनीचं नाव. दहा लाखांहून जास्त लोकांना फसवून हे प्रोग्रॅम विकल्याचा आरोप होता. त्यांच्या जाहिराती चांगल्या, मोठ्या वेबसाइटवर दिसायच्या, कारण आपण नामांकित कंपन्यांच्या आणि संस्थांच्या जाहिराती देतोय असं त्यांनी जाहिरात घेणाऱ्यांना भासवलं होतं. २०१२ मध्ये त्यातल्या एका आरोपीविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. ‘मी तर चांगल्या साइटवर होतो’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी ही हकीकत सांगते.

त्या काळात एरिक हाउज नावाच्या गृहस्थांनी स्पायवेअर वॉरियर या साइटवर खोट्या आणि संशयास्पद प्रोग्रॅमांची लांबलचक यादी ठेवली होती. मोठं काम होतं ते. कुठल्या नावाखाली कुठला जुनाच प्रोग्रॅम दडलाय, कोण विनाकारण धोका दाखवतो, कोण घाबरवून विकतो, हे त्यात असायचं. पण नाव बदलायला त्या लोकांना वेळ लागत नाही आणि यादी मागं पडते. म्हणून मी गिऱ्हाइकाला नावं पाठ करायला लावत नाही. वागणूक बघायला शिकवते.

वागणूक म्हणजे काय, ते एका मशीनवरून सांगते. मी दुकान नवीन काढलं होतं तेव्हाची गोष्ट. विंडोज एक्सपीचे दिवस. संकेश्वरकडचा एक डीटीपीवाला ऐन लग्नसराईत सीपीयू मोटरसायकलवर बांधून घेऊन आला. मराठी टाइप करायची श्रीलिपी उघडायला गेलं की ‘ही फाइल बाधित आहे’, पान जुळवायचं पेजमेकर उघडायला गेलं की ‘ही फाइल बाधित आहे’, अगदी कॅल्क्युलेटरसुद्धा बाधित. अडलेले प्रोग्रॅम बंद करायचा टास्क मॅनेजरही उघडेना. फक्त एकच खिडकी व्यवस्थित उघडायची, पैसे भरायची. तो म्हणाला, ‘अक्का, उद्या पत्रिका गडहिंग्लजला छापायला जायाच्यात. मागतंय ते देऊन टाकतो, सुटू दे एकदाचं.’ मी त्याला थांबवलं. मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजचे फक्त गरजेचे भाग घेऊन, चालू केलं. मालवेअरबाइट्स या खऱ्या सफाई प्रोग्रॅमची फाइल पेनड्राइव्हवर होती, पण ते नाव दिसलं की हा खोटा प्रोग्रॅम तिला चालू होऊ द्यायचा नाही. तेव्हा आम्ही दुरुस्तीवाले एक युक्ती वापरायचो, फाइलचं नाव बदलून विंडोजच्या एखाद्या फाइलचं नाव द्यायचो. तसं केलं आणि ती चालली. रात्री उशिरापर्यंत बसलो. पत्रिका सकाळी गेल्या.

त्या मशीनवर जे दिसलं तेच आजही बघायचं असतं. खरा प्रोग्रॅम एखादी फाइल धरतो, तेव्हा तिचं नाव सांगतो, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगतो, धोक्याला नाव देतो, आणि ती फाइल बाजूला ठेवून हवी तर परत आणायची सोयही देतो. ‘तुमच्या जमिनीवर बोजा आहे’ असं कुणी येऊन म्हणालं तर आपण सर्व्हे नंबर विचारतो, उतारा दाखवा म्हणतो. तसंच इथं विचारायचं. कुठली फाइल? कुठं आहे? ते नाव इंटरनेटवर शोधलं तर दुसऱ्या कुणी तिच्याबद्दल काही लिहिलंय का? ती एकच फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघता येते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही साइट आता गूगलकडं आहे, आणि ती एका फाइलवर अनेक कंपन्यांचे अँटिव्हायरस एकदम चालवते. मात्र सोसायटीच्या खातेदारांची यादी किंवा आधार कार्डं असली खासगी फाइल तिथं टाकू नका. टाकलेली फाइल इतर संस्थांपर्यंतही पोचू शकते.

कुकीजना, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींना, ‘धोका’ म्हणून मोजणारे प्रोग्रॅमही बघा. नवी कोरी विंडोज टाकलेल्या मशीनवर काही जण शेकडो ‘समस्या’ दाखवतात, आणि त्या समस्या म्हणजे ब्राउझरच्या कुकीज, तात्पुरत्या फायली, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, निरुपद्रवी नोंदी असतात. आकडा फुगवून लाल अक्षरांत दाखवायचा, तपासणी फुकट, साफसफाईला पैसे. कायद्यानं यांना चोर ठरवणं अवघड जातं, पण माझ्या दुकानात मी यांना खोट्यांच्याच रांगेत धरते. गरज नसलेल्या माणसाला भीती घालून विकणं मला पटत नाही, मग त्याचं बिल कितीही पक्कं असो.

मोठ्या दुकानांतही हे घडलंय. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी साखळी गिऱ्हाइकांची मशीन फुकट तपासून द्यायची. तपासणी सुरू करण्याआधी चार प्रश्न विचारले जायचे, मशीन हळू चालतं का, पॉपअप येतात का, अशा धाटणीचे. त्यातल्या कुठल्याही एकाला ‘हो’ म्हटलं की प्रोग्रॅम व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल आपोआप द्यायचा, मशीनमध्ये खरोखर काय आहे याच्याशी संबंध न ठेवता. मार्च २०१९ मध्ये त्या कंपनीला आणि तिला प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमला मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरायला राजी व्हावं लागलं. दुरुस्तीच्या धंद्यात असल्यामुळं ही हकीकत मला फार लागली. मशीन हळू चालतं म्हणून आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्या भीतीतून बिल काढायचं की त्याला धीर द्यायचा, हे दुकानदाराच्या हातात असतं.

आमच्या भागाची एक अडचण इथं मोकळेपणानं लिहिते. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर इथल्या मराठी घरात तहसील ऑफिसातून येणारा कागद कानडीत असतो, बँकेचा फॉर्म बऱ्याचदा इंग्रजीत, आणि बोलणं मराठीत. माझ्या चुलत्यांना कानडी फाडफाड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद आला की वाचणारा माणूस शोधायचा आणि तो बोट ठेवेल तिथं सही करायची, असंच आमच्या कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालत आलंय. यात त्या माणसांचा काही दोष नाही. पण हीच सवय स्क्रीनवर येते. न कळणाऱ्या भाषेत लाल अक्षरं आली, खाली मोठं बटण आहे, म्हणजे ते दाबायचंच असणार, असं धरून माणूस चालतो. खोटे प्रोग्रॅम करणाऱ्यांना निपाणी ठाऊक नाही, तरी त्यांचा धंदा याच सवयीवर चालतो.

म्हणून एक काम मी हल्ली आवर्जून करते. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घेता येते. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्या मशीनवर मी ती टाकून देते. सगळं काही मराठीत होत नाही, पण विंडोजच्या बहुतेक सूचना मराठीत यायला लागतात. मग इंग्रजीत ओरडणारी लाल खिडकी आली की ती परकी आहे हे वखारीतल्या दिवाणजींनासुद्धा लगेच जाणवतं. आमच्या एका गिऱ्हाइकानं, वयस्कर बाई आहेत, भजनी मंडळाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात, त्यांनी मला फोन करून सांगितलं, ‘माझा कॉम्प्युटर मराठी बोलतोय आणि हा मधीच कोण इंग्रजी बोलायला लागला?’ त्यांनी काहीही न दाबता मशीन बंद केलं होतं. बरोबर केलं होतं.

आता क्रॅकबद्दल, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून ते फुकट वापरण्याबद्दल. डीटीपीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. चोरीची फाँट पॅकेजं, क्रॅक केलेलं फोटोशॉप, टॅलीची ‘फुल व्हर्जन’ टाकताना पहिली सूचना काय असते? ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ कधी अँटिव्हायरस त्या क्रॅकला उगाच धरतो हे खरं आहे, पण कधी अगदी योग्य कारणानं धरतो, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बंद केलेलं संरक्षण पुन्हा चालू करायचं बहुतेक जण विसरतात. मग क्रॅक आणलेला पेनड्राइव्ह कोल्हापूरच्या, बेळगावच्या प्रेसमध्ये फिरतो आणि व्हायरसमुळं सगळ्यांचे फोल्डर लपून त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात. सगळ्यांना विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही हे मला माहीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, काम करा, फुकट आणि खरीखुरी साधनं आता पुष्कळ आहेत. मी बसवून देते.

मोबाइलची गोष्ट आणखी बिकट. एप्रिल २०१४ मध्ये व्हायरस शील्ड नावाचं ॲप गूगल प्लेवर चार डॉलरला एक सेंट कमी या भावानं विकलं जात होतं, दहा हजारांहून जास्त लोकांनी घेतलं, रेटिंगही उत्तम होतं. उघडून पाहिलं तर ते एवढंच करायचं, चिन्हावरची फुली काढून बरोबरची खूण दाखवायची. बाकी काहीच नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थेनं अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस ॲप्स तपासली. धोकादायक ॲप्सपैकी निदान ३० टक्के ओळखणारी आणि चांगल्या ॲपवर खोटा आळ न घेणारी फक्त ८० निघाली. काही ॲप्स चांगल्या ॲपच्या ठरावीक नावांची यादी ठेवून बाकी सगळ्यांना धोकादायक म्हणायची, आणि त्यातल्या काहींनी यादीत स्वतःचंच नाव घातलं नव्हतं. २०२२ मध्ये तर बँक खात्यातले पैसे पळवणारा शार्कबॉट प्ले स्टोअरवरच्या एका ‘अँटिव्हायरस’मधून पसरला. दारोदार पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांचा सगळा हिशेब मोबाइलवर असतो. त्यांना मी सांगते, वेगळं ॲप टाकू नका. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवा, प्ले प्रोटेक्ट उघडा, ते चालू आहे एवढं बघा, आणि व्हॉट्सअपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, कुणाचीही असो, उघडू नका.

मग भरवसा ठेवायचा कुणावर? घरच्या आणि छोट्या दुकानाच्या मशीनवर मी विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरेसा मानते. याची सुरुवात मायक्रोसॉफ्टनं २००४ च्या अखेरीला जायंट नावाची कंपनी विकत घेऊन केली होती, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आत बसून येतो. तो पैसे मागत नाही. शंका आली तर मालवेअरबाइट्सच्या फुकट आवृत्तीनं एकदा तपासते आणि काढून टाकते. ज्यांना विकतचंच हवं त्यांना पुण्याचं क्विक हील, मुंबईचं ई-स्कॅन, चेन्नईचं के-सेव्हन आहेच. कैलाश आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून सुरू करून क्विक हील उभं केलं, याचा आम्हा दुरुस्तीवाल्यांना अभिमान वाटतो. पण अभिमान वेगळा आणि तपासणी वेगळी. एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्हज, व्हायरस बुलेटिन या अँटिव्हायरस तपासणाऱ्यांचे निकाल सगळ्यांना वाचता येतात, ते बघूनच घ्या. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथं साफसफाईची साधनं फुकट मिळतात. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस एकदम चालवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात.

खऱ्या कंपनीवरही डोळे मिटून विसंबू नये. अव्हास्ट हा ओळखीचा, खरोखर व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम. पण त्याच कंपनीची जम्पशॉट ही शाखा लोकांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती विकत होती. २०२० च्या जानेवारीत बातम्या आल्यावर ती बंद झाली, आणि २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. टाकताना प्रोग्रॅम काय परवानग्या मागतोय, कुठल्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली आहे, ते वाचायलाच हवं. जमत नसेल तर वाचून घ्यायला हवं.

शेवटचं, फोनबद्दल. स्क्रीनवर ‘मायक्रोसॉफ्ट’चा नंबर दिसला तर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. लावलात तर पलीकडचा माणूस लांबून मशीन चालवता येणारं एनीडेस्क टाकायला सांगतो, विंडोजच्या घडामोडींची नोंद दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडतो आणि लाल खुणा दाखवतो. त्या खुणा चांगल्या मशीनमध्येही असतात. कधी काळ्या खिडकीत एक लांब नंबर दाखवून ‘हा तुमचा लायसन्स नंबर, जुळवून बघा’ म्हणतो. तो नंबर जगातल्या सगळ्या विंडोज मशीनवर एकच असतो, म्हणून तो जुळतो.

पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका. नेटची तार काढा किंवा वायफाय बंद करा. बँकेला फोन करून कार्ड बंद करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. त्यानंतर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. स्क्रीनचे फोटो, पैसे कापल्याचा मेसेज आणि व्यवहाराचा नंबर जपून ठेवा, तक्रारीत ते लागतात. तो फॉर्म भरायला जमला नाही तर दुकानात या, शेजारी बसून मी भरून देते.